मऊ माती

"मॅडम, उसको बोलो, पेटी या गठरी. दोनों नहीं जाएगा."

कार्गो ऑफिसचा मॅनेजर नूरुद्दीन एवढं बोलून खिडकीबाहेर बघत राहिला. हे वाक्य उर्मिलाला आता रशियनमध्ये सांगायचं होतं, आणि समोर बसलेल्या बाईचा भाऊ आदल्या दिवशीच वारला होता. पेटी त्याची होती.

शारजा विमानतळामागच्या त्या ऑफिसात उर्मिला दुभाषी होती. पुण्यात रशियन शिकताना तिला मॉस्कोची स्वप्नं पडायची. पदवी हातात आली आणि सोव्हिएत देशच उरला नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी ती शारजातल्या अल मजाजला राहायला आली, तेव्हा तिला वाटलं, संपली आपली भाषा. पण सत्त्याण्णव साली शारजात रशियन बोलणाऱ्यांची रीघ लागली होती. त्या फुटलेल्या देशाच्या कानाकोपऱ्यातून शिक्षिका, नर्सेस, इंजिनियर चार्टर विमानांनी यायचे आणि जॅकेटं, बूट, टेपरेकॉर्डर घेऊन परत जायचे. उर्मिला दिवसभर किलो आणि कस्टमचं रशियन बोलायची.

ही बाई, राउशान, कझाकस्तानातल्या तुर्गाईच्या माळरानातली. सरकारी फार्मवर ती मेंढ्यांची डॉक्टर होती. फार्म बुडालं. पगाराऐवजी मेंढ्या मिळाल्या, आणि मग डिझेलसाठी, पिठासाठी त्याही गेल्या. शेवटी राहिलेली घोडी विकून ती आणि तिचा भाऊ कैरात इथं माल घ्यायला आले होते. हॉटेलच्या जिन्यात, पाठीवर जॅकेटांचं गाठोडं असताना, कैरात खाली बसला तो उठलाच नाही.

उर्मिलाने निरोप सांगितला.

"पुढच्या विमानाने?" राउशानने विचारलं.

"हे तुमच्याकडे जाणारं शेवटचं चार्टर. पुढचं कधी येईल, येईल की नाही, कुणालाच माहीत नाही."

"उर्मिला, आमच्याकडे झाड नाही, डोंगर नाही. नुसतं गवत, आणि आत्ता बर्फ. लांबून उंच दिसतात त्या फक्त कबरी. त्यांच्यावरून माणूस आपलं घर ओळखतो. आमच्या सात पिढ्या तिथं एका ठिकाणी आहेत. कैरातला एकट्याला इथं ठेवून जाऊ?"

उर्मिला नूरुद्दीनकडे वळली. "नूरुद्दीनभाई, प्लीज. आधा सामान छोड़ देगी वो."

"कॅप्टन से दो बार बात किया मैंने. आधे से भी नहीं होगा, पहले से ओव्हरवेट है." त्याने हात जोडल्यासारखे केले. "मेरे हाथ में होता तो मैं ऐसा बोलता क्या?"

तो नकार नूरुद्दीनचा नव्हता, पण राउशानच्या कानावर तो पडत होता उर्मिलाच्या आवाजात. एकदा सांगून झाल्यावर, जणू शब्द चुकला असेल म्हणून, तिने तो पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगितला. अर्थ तोच निघाला.



"त्याची तीन मुलं आहेत. मी त्यांची आत्या. पेटी घेऊन गेले तर त्या दिवशी रडतील. दुसऱ्या दिवशी त्यांना भूक लागेल." राउशानने दोन्ही तळहात टेबलावर सपाट ठेवले. "गाठोडी चढवा."

दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. बायका आत जात नाहीत, म्हणून त्या दोघी कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पिकअपमध्ये बसून राहिल्या. ऑफिसचा पेशावरी ड्रायव्हर याकूब आत गेला. मशिदीतून निघालेल्या अनोळखी माणसांनी, कोण गेलं हेही न विचारता, खांदा दिला.

राउशान सात पिढ्यांची नावं पुटपुटत होती. बापाचं नाव, त्याच्या बापाचं, त्याच्याही बापाचं. एका नावापाशी ती अडकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकली, आणि डॅशबोर्डवर कपाळ टेकून हमसून हमसून रडू लागली. अशा वेळी बोलायची रशियन वाक्यं उर्मिलाने परीक्षेसाठी पाठ केली होती. त्यातलं एकही तिला आठवेना. तिने राउशानच्या पाठीवर हात ठेवला.

"रड, बाई, रड," ती मराठीतच म्हणाली.

याकूब हात झटकत आला आणि गाडीपाशी उभा राहिला. राउशानने डोळे पुसून त्याला काहीतरी विचारलं.

"याकूबभाई, पूछ रही है, जमीन कैसी थी?"

"रेत है, मॅडम. नरम. जल्दी हो गया."

"मऊ होती," उर्मिलाने सांगितलं.

राउशानने मान हलवली. "आमच्याकडे आत्ता खणायचं तर आधी गोठलेल्या जमिनीवर दिवसभर विस्तव पेटवावा लागतो. या वर्षी कोळसाच नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मऊ बरी."

विमानतळावर गाठोडी काट्यावर चढली. सगळ्यात शेवटी राहिला कैरातचा मेंढीच्या कातड्याचा कोट, तो तिकडून निघताना अंगात घालून आलेला. काट्यावरच्या माणसाने मान हलवली.

"खलास. और नहीं."

उर्मिला तोंड उघडणार, तेवढ्यात राउशानने तो कोट उचलला आणि अंगात घातला. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली आल्या. तिने गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.

"त्याच्या थोरल्याला होईल," ती म्हणाली.

बाहेर मार्चअखेरचं ऊन होतं. बाकीचे प्रवासी पातळ शर्टांत, घाम पुसत, घाईघाईने विमानाकडे चालले होते. राउशान सावकाश चालत होती. कोटाचा घेर डांबराला लागू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी उचलून धरला होता.