भिंतीवरची तारीख

“अहो, अकरा वाजले. असं टक लावून बघितल्यानं समोरचं दुकान उघडणार आहे का?”

आमच्या ह्यांना ऐकू येत होतं, पण हलायचं नाव नाही. हातातल्या ब्रशवरचा रंग सुकत चालला होता आणि नजर रस्त्यापलीकडच्या टेलरच्या बंद दुकानावर. आज सतरा ऑक्टोबर. बावीस वर्षांत पहिल्यांदाच या दिवशी टेलरभाऊजी चेष्टा करायला आले नव्हते.

सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगते. आमचे हे पाट्या रंगवणारे पेंटर. अक्षर मोत्यासारखं, डोकं मात्र कधीकधी फिरतं. बावीस वर्षांपूर्वी ह्यांनी पवित्र शास्त्रातली भाकितं घेतली, आठवडे मोजले, वर्षं मोजली, वह्या भरल्या आणि प्रभूच्या परत येण्याची तारीख काढली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, “अरे बाबा, तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, असं खुद्द प्रभूनंच सांगून ठेवलंय.” पण ऐकतील ते आमचे हे कसले! दुकानाच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत लिहिलं, ‘१७ ऑक्टोबर. तयार राहा.’

सतरा आली नि गेली. अठराला सकाळी टेलरभाऊजी गळ्यात टेप, बगलेत स्वतःचं स्टूल अशा थाटात रस्ता ओलांडून आले, ऐसपैस बसले आणि म्हणाले, “काय पेंटर, पाहुणे रस्ता चुकले का?” अख्खी गल्ली हसली. ह्यांनी भिंतीला चुना मारला. वर्षभरात लाल अक्षरं चुन्यातून पुन्हा वर आली. गावभरच्या भिंती रंगवणाऱ्याला स्वतःची एक भिंत झाकता येईना! तेव्हापासून दर सतरा ऑक्टोबरला भाऊजी स्टूल घेऊन हजर. “काय पेंटर, यंदा तरी?” हे खाली मान घालून मला चहा टाकायला सांगायचे.

भाऊजींच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ह्यांच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. दर रविवारी प्रार्थनेला जायचे, बाहेर मात्र प्रभूचं नाव काढायचे नाहीत. “माझ्या तोंडून ऐकून कोण विश्वास ठेवणार?” म्हणायचे. आणि आता भाऊजी दोन महिने अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले.

मी ह्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला. “चला. आज आपण जायचं.”

“कुठल्या तोंडानं जाऊ?”

“देवानं एकच दिलंय, त्यानंच. शास्त्रात एकाच पानावर दोन गोष्टी लिहिल्यात. दिवस कुणाला ठाऊक नाही, ही एक. आणि शेवटाआधी सुवार्ता सगळ्यांच्या कानी गेली पाहिजे, ही दुसरी. पहिलीत तुम्ही चुकलात, म्हणून दुसरीतून सुटका झाली काय? कधी यायचं ते त्याचं तो बघेल. निरोप तुमच्यापाशी अडकलाय आणि तिकडे माणूस चाललाय!”

जरा जास्तच बोलले. पण लागायचं तिथं लागलं. हे चपला शोधायला लागले.

भाऊजी वाळून काडी झाले होते. टेप तेवढी उशाशी होती. ह्यांना बघून ते हसले.

“काय पेंटर, यंदा तरी?”

हे हसायला गेले आणि रडू फुटलं.

“अरे, रडतोस काय? बस इथं. एक विचारायचं राहिलंय.” भाऊजी थांबत थांबत बोलत होते. “कधी येणार ते तू मला हातभर अक्षरांत सांगितलंस. पण येणार कोण, आणि माझ्याकडे त्याचं काय काम, ते बावीस वर्षांत एकदाही बोलला नाहीस. का रे? मी ऐकलं नसतं असं वाटलं?”

ह्यांनी बाहीनं डोळे पुसले.

“लाज वाटायची,” हे म्हणाले. “वाटायचं, मी खोटा ठरलो, आता मी नाव घेतलं तर तोही खोटा ठरेल.”

“वेड्या, माझं एक माप चुकलं म्हणून लोकांनी शर्ट घालायचं सोडलं का? सांग आता.”

मग हे बोलले. वह्या नाहीत, आकडे नाहीत. “तो येणार असं आधी सांगितलेलं होतं, तसा तो आला. आपल्या पापांसाठी मेला, तेही सांगितल्याप्रमाणे. तिसऱ्या दिवशी उठला, तेही. आता परत येईन म्हणालाय, तर येणारच. तारीख तेवढी माझ्या मनची होती. ती खोटी ठरली, तो नाही.”

“आणि मी इतकी चेष्टा केली, तिचं काय?”

“अरे, ज्यांनी त्याला खिळे ठोकले त्यांच्यासाठीसुद्धा त्यानं क्षमा मागितली. तू तर नुसता स्टूल घेऊन आलास.”

भाऊजींनी दमून डोळे मिटले. “उद्या ये. अर्धं माप घेऊन कुणी उठतं का?”

हे रोज गेले. एकोणिसाव्या दिवशी भाऊजींनी आपणहून हात जोडले. “देवा, मी पण तुझाच आहे हं,” एवढंच म्हणाले. विसाव्या दिवशी पहाटे ते गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांची लेक स्टूल घेऊन आली. “बाबांनी पेंटरकाकांना द्यायला सांगितलं होतं.”

ह्यांनी ते आत घेतलं. मग रंग खरवडायची पत्री घेऊन भिंतीपाशी गेले आणि बावीस वर्षांचा चुना खरवडायला लागले. संध्याकाळपर्यंत तारीख लालभडक उघडी पडली.

“अहो, डोकं पुन्हा फिरलं की काय?”

“असू दे,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा कंपाउंडर पाटी रंगवून घ्यायला आला. भिंतीकडे बघत म्हणाला, “पेंटर, ही कसली हो तारीख?”

मी चहाचं भांडं हातात धरून दारातच थांबले.

“ती माझी चूक आहे,” हे मान वर करून म्हणाले. भाऊजींचं स्टूल फडक्यानं पुसलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. “बसा, सांगतो.”