डेल ओस्ट्रँडरबद्दलचं मत

"असा ढिसाळ चेंडू फेकणाऱ्यासाठी ते बचावातला तगडा गडी देतायत?" पडद्यावरची डेलच्या सरावाची चित्रफीत थांबवत व्यवस्थापक बेकट म्हणाला. "देऊन टाकू. त्यांना शुद्ध यायच्या आत."

लॉइड पेटक शेजारी बसला होता. सव्वीस वर्षं या अमेरिकन फुटबॉल क्लबसाठी चित्रफिती बघून खेळाडूंबद्दल मत देणं हेच त्याचं काम होतं.

मंगळवारचे दोन वाजले होते. खेळाडूंची अदलाबदल चारला बंद होणार होती. टेक्ससमधल्या एका संघाच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूचा, गुडघा रविवारी निकामी झाला होता आणि त्यांना डेल हवा होता, लगेच मैदानात उतरवायला. डेल चौतीस वर्षांचा. इथे नऊ हंगाम राखीव. सगळे मिळून अकरा मिनिटं खेळलेला.

सकाळी त्याने लॉइडला जिन्यात गाठलं होतं. "माझ्यात दम नाही म्हणून सांगा, लॉइड. एवढंच करा. आता इथेच राहिलो तर संपलो मी."

लॉइडने होकारार्थी मान हलवली होती.

"खरं सांग, म्हाताऱ्या," बेकट म्हणाला. "आपल्या मुख्य क्वार्टरबॅकचा, त्या पोराचा खांदा सुजलाय. तो पडला तर हा सामने जिंकून देईल?"

नाही म्हटलं की काम झालं असतं. लॉइडने पडद्याकडे पाहिलं.

"देईल," तो म्हणाला. "तुम्ही बघताय तो डेल नाहीच. सरावात आपल्या बचावफळीसमोर तो दर आठवड्याला समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकची नक्कल करतो. गेल्या आठवड्यातला ढिसाळ होता, म्हणून हा ढिसाळ."

बेकट खुर्चीत मागे रेलला. मग असा माणूस कोण सोडतो, म्हणाला. त्याला एकदा तरी खेळू द्या, असं लॉइड पुटपुटला.

"खेळेल की. आपला पोरगा पडू दे."

टेक्ससला नकार गेला. डेलला सांगायला लॉइडने दोनदा फोन उचलून खाली ठेवला. चार वाजून गेल्यावर तो मैदानावर उतरला. खेळाडूंना सुट्टी होती. सरोवरावरून बोचरा वारा येत होता आणि डेल एकटाच जाळीत चेंडू फेकत होता.

तुला सोडत नाहीत; तू सामने जिंकून देशील असं मीच सांगितलं, लॉइड म्हणाला. खोटं बोलता आलं नाही.

डेलने जाळीतून चेंडू काढून आणला. मग त्याने विचारलं, येत्या रविवारी समोरचा क्वार्टरबॅक कोण आहे.

"डावखुरा आहे," लॉइड म्हणाला.

डेलने चेंडू डाव्या हातात घेतला आणि फेकला. तो जाळीच्या बराच अलीकडे पडला. डेल चालत गेला, वाकून चेंडू उचलला आणि परत येऊन होता तिथेच उभा राहिला.