रोडग्यांच्या पंगतीचा गंज

मी एक गंज आहे. लोखंडाला चढतो तो नव्हे, बाप्पा. वऱ्हाडात मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात, तो. पितळेचा, दोन बाजूंना दोन कड्या, पोटात चाळीस माणसांची वांग्याची भाजी मावेल एवढा. अमरावतीच्या तांबटानं मला ठोकून घडवलं आणि माझ्या मालकिणीच्या, जयवंताच्या, बापानं तिच्या लग्नात आंदण दिलं. काठावर नाव कोरलंय, 'सौ. जयवंता भगवंत'. त्यातलं 'सौ.' आता खोटं आहे, पण पितळेवरचं कोण खोडत बसणार?

भगवंताचा मळा वलगावच्या पुढं, नदी वळते तिथं. झेंडू आणि वांगी. हिवाळ्यात त्या वळणावर लांबून बदकं येतात. गावाला त्यांचं कधी कौतुक नव्हतं. मग शहरातले लोक दुर्बिणी घेऊन यायला लागले, आणि आले की त्यांना भूक लागायची. भगवंताची मुलगी रागिणी मोठी हिकमती. तिनं मोबाईलवर फोटो टाकले, आठ घरं जोडून घेतली. कोणी मुक्कामाला खोली दिली, शेजारचा नितेश पाखरं दाखवत फिरू लागला. जेवण मात्र जयवंताचं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजलेले कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, आणि माझ्यातली भाजी. लोक पाखरांची नावं विसरायचे, रोडगे विसरायचे नाहीत. मी जरा फुगलोच होतो, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे रोडगे एकदा निखाऱ्यात गेले की पंगत उठेपर्यंत रांधणारी जागची हलत नाही. आणि पाहुणा उपाशी परत पाठवायचा नाही. याच रीतीनं घात केला.

श्रावणातला रविवार होता. हिरवळ बघायला बारा-पंधरा जण आले होते, लेकरंबाळं घेऊन. वर डोंगरात सकाळपासून कोसळत होतं. नितेश धावत आला, म्हणाला, वरच्या पुलाला पाणी लागलं, उठा. रोडगे अजून कच्चे होते.

"अर्ध्या घंट्यानं काय होते?" जयवंता म्हणाली. "उपाशी कसे धाडू लोकायले?"

अर्ध्या तासात पाणी झेंडूत शिरलं. मग सगळे पळाले. टेकाडावरच्या देवळात सगळे सुखरूप पोचले, भगवंतसुद्धा. इथंच सगळं संपलं असतं. पण वर लेकरं भुकेनं रडायला लागली, आणि भगवंत उठला. "भाजी तं झाली हाये. गंज घेऊन येतो." जयवंतानं त्याला अडवलं नाही. उलट म्हणाली, "झाकण लावून आनजा."

तो आला तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माझ्या कड्या धरल्या आणि मला उचललं. दहा पावलं चालला असेल, पाणी कमरेवर आलं. डावीकडे कडुलिंब होता, हात लांबवला तर सापडेल इतका जवळ. देवळातून नितेश ओरडत होता, झाड धर, झाड धर. पण भरला गंज एका हातानं पेलत नाही. भगवंतानं मला सोडलं नाही. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, सोड मले येड्या, चाळीस रुपये किलोची वांगी हायेत ही.

मी तीन कोस खाली एका बाभळीत अडकलो. तिथल्या वस्तीवरच्या मैनाबाईनं काठावरचं नाव वाचलं आणि मला घरी पोचवलं. भगवंत दोन दिवसांनी सापडला.

जयवंतानं मला मागच्या अंगणात पालथा घातला. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. हिरवा पडत गेलो. ती कधी माझ्याकडे बघायची नाही, आणि बरोबर होतं तिचं.

गावानं गाळ उपसला, विहीर धुतली, पडक्या भिंती उभ्या केल्या. हिवाळ्यात बदकं आली, त्यांना काय ठाऊक? माणसं मात्र फिरकली नाहीत. आठ घरांतल्या खोल्या रिकाम्या. नितेश वीटभट्टीवर गेला. बाया जयवंताकडे येऊन बसायच्या, तू रांधत नाहीस तोवर कोणी येत नाही, आमी काय खावं? ती तांदूळ निवडत राहायची. शेवटी माघात रागिणी म्हणाली, "माय, अकोल्याचे वीस लोक याचं म्हनून राहिले. काय सांगू?"

जयवंतानं पदर खोचला. मग उठली आणि मला चिंचेनं घासायला बसली. घासता घासता रडत होती. म्हणाली, "ये म्हना."

पाहुणे आले. बदकं पाहिली, हात धुऊन सतरंजीवर बसले. भाजीला तर्री आली, रोडगे निखाऱ्यात गेले. आणि उत्तरेला, डोंगरावर, आभाळ काळं झालं.

जयवंतानं एकदा तिकडं पाहिलं. "उठा. देवळाकडं चाला."

अकोल्याचे एक गुरुजी हसले. मोबाईल दाखवत म्हणाले, "बाई, यात पाऊस नाही दाखवत. अर्ध्या तासात जेवून घेऊ."

"अर्धा घंटा नाई. उठा म्हटलं ना."

तिनं निखाऱ्यांवर बादली ओतली. रोडगे कच्चेच भिजले. रागिणीनं सवयीनं माझ्या कडीला हात घातला, तर जयवंतानं तो हात इतक्या जोरात झटकला की बांगडी फुटली. मला तिथंच टाकून सगळे वर गेले.

थेंबही पडला नाही. तासाभरात ऊन आलं. पाहुणे तोंडं पाडून, उपाशीपोटी, गाडीत बसले. बाया जयवंतावर तुटून पडल्या: मोठ्या मुश्किलीनं माणसं आली, पहिल्याच दिवशी तू त्यांना उपाशी धाडलंस, आता कोण येणार इकडे?

जयवंता पायरीवर बसली होती. म्हणाली, "जित्ते गेले ना?"



या गोष्टीला बारा दिवस झाले. रागिणीचा फोन वाजलेला नाही. मी चुलीजवळच आहे, घासलेला, उताणा. जयवंता रोज मला पुसते. तुम्ही कधी आमच्याकडे याल तर पोटभर जेवाल, एवढं माझ्या पोटात मावतं. पण ती बाई उठा म्हणाली तर ताटावरून उठा. आणि माझ्यासाठी कोणी मागं वळू नका. हात मोकळे ठेवा.