रिकामा ताबा

इतर घरमालकांच्या घरांतून वस्तू नाहीशा होतात. बल्ब जातात, नळाच्या तोट्या जातात. एकाचा भाडेकरू तर जाताना मोरीचं दार घेऊन गेला होता, आणि ते का नेलं हे त्यालाही धड सांगता आलं नाही. स्टोअरकीपरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मात्र उलटी गंगा होती. तिथला भाडेकरू गेला की एखादी वस्तू वाढलेली असे.

त्याला सगळे स्टोअरकीपरच म्हणत. एकतीस वर्षं तो एका इस्पितळाच्या भांडारात होता. तो निवृत्त झाला, पण भांडार काही त्याच्यातून निवृत्त झालं नाही. राहत्या घराशिवाय त्याने दोन लहान घरं घेऊन भाड्याने दिली होती. किल्ली देताना तो भाडेकरूला घेऊन घरभर फिरे आणि यादी करी. खुर्च्या दोन, पंखा एक, कप सहा, खुंट्या चार. लोक आधी हसत आणि मग सही करत, कारण सहीशिवाय तो किल्ली मुठीतून सोडत नसे.

तिसऱ्या मजल्यावरचे पहिले भाडेकरू म्हणजे बँकेतले दोन कारकून. चार महिन्यांत गेले. जाताना कप मोजले तर सात भरले.

"हा तुमचा का?"

"नाही काका. आम्हाला वाटलं तुमचाच."

भांडाराचा नियम सोपा असतो. कमी भरलं तर चौकशी, जास्त भरलं तर जमा. जास्तीची चौकशी करणारा माणूस नोकरीत फार दिवस टिकत नाही. स्टोअरकीपरने सहावर काट मारून सात केले, तारीख घातली आणि सही केली. चूक झाली ती इथेच. पण पुढे कितीतरी दिवस त्याला ती आपली हुशारीच वाटत होती.

मग एक नवराबायको आले. गेले तेव्हा खिडकीशी एक बुटकं स्टूल होतं. नंतरच्या औषधविक्रेत्यामागे तपकिरी चपला उरल्या, डावी टाच झिजलेली. स्टोअरकीपरने मध्यंतरी दोनदा कुलूप बदललं, तरी भिंतीवर पाचवी खुंटी आलीच, आणि तिला टॉवेल. प्रत्येक वेळी त्याने यादी वाढवली आणि प्रत्येक वेळी मालक म्हणून खाली सही ठोकली. बायकोला तो कौतुकाने सांगे, "आपलं घर दुभतं आहे."

"दुभतं आहे तर माणसं का पळतात?" बायको विचारी.

कोणीच कारण देत नसे. घर छान आहे हो, हवा येते, शेजार चांगला आहे, असं म्हणत म्हणत माणसं सामान बांधत. आणि आधीचा का गेला हे पुढच्याला सांगायचं नाही, हा घरमालकांच्या धंद्यातला पहिला धडा तो न शिकवता शिकला होता.

शेवटी राहिली ती नर्सबाई. पन्नाशीची, जाडजूड, मोजकं बोलणारी. तिने सात महिने काढले तेव्हा स्टोअरकीपरला वाटलं, चला, पीडा टळली. तेवढ्यात एका दुपारी तिचा फोन आला, यादी घेऊन या म्हणून.

"घाबरून जात नाहीये मी," ती दारातच म्हणाली. "तसं काही कुणाला सांगू नका. माझ्या हातात माणसं गेली आहेत."

"मग काय झालं?"

"काही झालं नाही. गृहस्थ फार सभ्य आहेत. सकाळी मला कामावर जायचं असतं म्हणून न्हाणीघर आधी मला सोडतात. मी झोपले की खिडकीशी बसतात, पण पाय वाजवत नाहीत." तिने पिशवीची चेन ओढली. "पण सात महिने झाले, काका, मी इथे पाहुणी आहे. भाडं मी भरते आणि पाहुणीही मीच. रोज वाटतं, आता यांना किती दिवस त्रास द्यायचा. एक करा. त्यांना तरी सांगा, नाहीतर आम्हाला तरी सांगत जा."

स्टोअरकीपरने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि यादी उघडली. खुर्च्या दोन. पंखा एक. कप सात. स्टूल एक. सगळं बरोबर निघालं. मग नर्सबाईने स्वयंपाकघराच्या कट्ट्याकडे बोट दाखवलं. तिथे एक मोठी कात्री होती. कापड कापायची, मुठीला काळी चिंधी गुंडाळलेली.

ही कात्री त्याने पूर्वी पाहिली होती. ती ज्या हातात असे तो हातही पाहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने जास्तीची वस्तू यादीत घेतली नाही.

घर विकत घेतलं तेव्हा त्यात एक म्हातारे टेलरमास्तर राहत होते. कागद त्यांच्या पुतण्याच्या नावावर होते. मास्तरांकडे फक्त चाळीस वर्षं होती, आणि त्यांची नोंदणी कुठे होत नाही. स्टोअरकीपरने अट घातली होती, रिकामा ताबा, आठ दिवसांत. आठव्या दिवशी पुतण्या खाली गाडीपाशी उभा होता आणि मास्तर जिन्यात, हातात एक गाठोडं घेऊन.

काहीतरी बोलायला हवं म्हणून स्टोअरकीपर बोलला होता, "वाईट वाटून घेऊ नका मास्तर. घर तुमचंच आहे. कधीही या."

मास्तरांनी हे नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "सामान एकदम जमायचं नाही मला. थोडं थोडं केलं तर चालेल?"

"सावकाश करा. घाई कसली?" ताबा तर हातात आला होता. त्या क्षणी जगातल्या कुठल्याही गोष्टीला तो हो म्हणाला असता.

तिसऱ्या आठवड्यात मास्तर पुतण्याच्या घरी वारल्याचं त्याला घरांच्या एजंटाने सांगितलं. अरेरे म्हणून त्याने त्याच बैठकीत पहिल्या भाडेकरूंचं काम संपवलं होतं.

आता हे सगळं आठवायला वेळ वाईट होती. शनिवारी लेक येत होती, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन, कायमची. आठ वर्षं ती सासरी होती. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही, नाव ठेवायला जागा नाही. फक्त त्या घरात कपाट उघडायचं तरी तिला विचारावं लागे. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, मला मोठं घर नको. जिथे मी पाहुणी नसेन असं द्या."

आणि नर्सबाई जाणार म्हटल्यावर स्टोअरकीपरने लेकीला उत्साहाने सांगून टाकलं होतं, "तिसरा मजला तुझा."

एजंटाकडे उपाय तयार होता. एजंटांकडे तो असतोच. "तुमच्या दुसऱ्या घरात ते निवृत्त शिक्षक नवराबायको आहेत ना? आठ दिवसांत रिकामं करून देतो. गोड बोलायचं तुम्ही, बाकी मी बघतो."

स्टोअरकीपर म्हणाला, "गोडच बोलून चुकलोय एकदा." एजंटाला ते काही कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी तो एकटाच तिसऱ्या मजल्यावर गेला. पोतं आणि यादी बरोबर होती. बेत असा होता की मास्तरांचं सामान भरायचं, पुतण्याच्या दारात ठेवायचं आणि विषय मिटवायचा. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली कोणीतरी सायकल धूत होतं. घरात मात्र शिवणयंत्राच्या तेलाचा वास होता, आणि शिवणयंत्र यादीत नव्हतं.

त्याने चपला उचलल्या. आतून त्या कोमट होत्या. त्याने त्या जिथल्या तिथे ठेवल्या, आणि ठेवताना जोडी सरळ केली.

"हे बघा मास्तर," तो भिंतीला म्हणाला. आवाज चोरटा आला. "उद्या माझी लेक येतेय. तिने फार सोसलंय. तुम्ही समजूतदार आहात."

सायकलवाल्याने बादली पालथी केली तेवढा आवाज आला. स्टोअरकीपर पुढे झाला तेव्हा खिडकीशी स्टुलावर ते पडलेलं दिसलं. पिवळ्या कापडाचा लहान मुलीचा फ्रॉक, कच्च्या टाक्यांवर. एक बाही लावलेली, दुसरी टाचणीने धरलेली. त्याने तो वर धरला. नात सुट्टीत आली होती तेव्हा त्याने दाराच्या चौकटीवर तिची उंची पेन्सिलीने मांडली होती, ती त्याच्या राहत्या घरी. या घराची पायरी ती पोर कधी चढली नव्हती. पण फ्रॉकचं माप पाहून त्याला ते त्या खुणेशी ताडून पाहायची गरज पडली नाही.

शत्रूने हाकललं तर भांडता तरी येतं. इथे मास्तर स्टोअरकीपरच्याच नातीची वाट पाहत बसले होते. पाहुणे येणार म्हणून.

तो पोतं तसंच टाकून खाली आला आणि घरी बायकोला सगळं सांगितलं, जिन्यातल्या बोलण्यापासून. बायको भाजी निवडत होती. तिने मधे एकदाही डोकं वर केलं नाही.

"म्हणजे ते खरंच राहतात तिथे," ती म्हणाली.

"दरवेळी मीच तर सही केलीय."

"पोरीला तिथे ठेवायचं नाही."

"नाही."

"दुसऱ्या घरातल्या त्या म्हाताऱ्या नवराबायकोलाही हलवायचं नाही."

"नाही."

"मग उरलं काय? हे घर." तिने देठांचा ढीग एका बाजूला सारला. "हे पोरीला देऊ. किल्ल्यांसकट. कपाटं रिकामी करून. आपण तिकडे."

"तुला चालेल?"

"लग्न झालं तेव्हा मला कोणी विचारलं होतं, या घरात चालेल का म्हणून? तीसेक वर्षं तुमच्या आईच्या घरात काढली. मला सवय आहे. तुम्हालाच शिकावं लागेल." मग म्हणाली, "तुम्ही उद्या पुढे जा. नीट विचारा त्यांना. मी सोमवारी येते."

शनिवारी लेक आली. बापाने तिला घरभर फिरवलं नाही, यादी केली नाही, सही मागितली नाही. किल्ल्या हातात दिल्या, एवढंच. तिने त्याच्या देखत स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि न विचारता डबे इकडचे तिकडे केले. नात त्याच वेळी पलंगावर उड्या मारत होती. लेकीने विचारलं, "आणि तुम्ही कुठे, बाबा?"

"तिसऱ्या मजल्यावर. एका ओळखीच्यांकडे."

"किती दिवस?"

"ते त्यांच्यावर आहे," स्टोअरकीपर म्हणाला.

चारच्या सुमारास तो तिसऱ्या मजल्यावर पोचला. हातात एक बॅग होती, त्यात चार कपडे आणि दात घासायचा ब्रश. किल्ली खिशात असून त्याने दार वाजवलं. थोडा वेळ थांबला. मग कडी आपसूक निघाल्यासारखी वाटली, किंवा त्यानेच किल्ली फिरवली असेल. त्याचं त्यालाच नक्की सांगता आलं नसतं.

आत मशीन चालू होतं. दिसत नव्हतं, पण टाके एका लयीत पडत होते, बाही लागत होती. तो दाराजवळच्या खुर्चीवर टेकला, पाठ न लावता, बॅग मांडीवर घेऊन.

बसा म्हणायच्या आधी बसलो, हे बरं केलं नाही, असं त्याला वाटलं. पण आता उठणंही बरं दिसलं नसतं. यादीप्रमाणे खुर्च्या दोन होत्या, आणि यातली आपली कुठली हे त्याला ठाऊक नव्हतं.

मशीन थांबलं. दोरा कापल्याचा आवाज झाला. स्टोअरकीपरने बॅगेचे बंद घट्ट धरले, आणि बॅग खाली ठेवा असं कोणी म्हणेल म्हणून तो वाट पाहत राहिला.