भंडाऱ्यावरून घसरलेली जीप

"ह्यावर कुणाचा इस्वास बसला, तर म्या मिशा उतरवीन," म्हणत बंडप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. पोलीस खात्यात तीस वर्षं जीप हाकून निवृत्त झालेला माणूस. मिशा शाबूत होत्या, म्हणजे आजवर कुणाचा बसला नसावा.

हर्षालीला गोष्ट नको होती, उत्तर हवं होतं. पोलीस शिपाई असलेली ही तेर गावची पोरगी सकाळी धाराशिवच्या मैदानावर चालकपदाच्या चाचणीला उतरली होती. जुनी जीप, पाणी मारून निसरडा केलेला पट्टा, पुढं वळून चुकवायचे प्लास्टिकचे लाल कोन. तिनं जीव खाऊन ब्रेक दाबला, स्टेअरिंग गरागरा डावीकडं फिरवलं, अन् जीप नाकासमोर जाऊन कोनांवर चढली. स्टेअरिंग वळलं, मग जीप का वळली नाही? दुपारी शेवटची संधी. ती हुकली की पुन्हा ठाण्यात वायरलेसपुढं बसायचं. साहेबांना विचारावं, तर तेच परीक्षक. म्हणून ती मैदानाबाहेरच्या टपरीवर बंडप्पांना धरून बसली होती.

"आप्पा, माझ्या जीपचं सांगा की."

"तेच सांगतोय, पोरी. अणदूरला खंडोबाची यात्रा. भंडारा इतका उधळला, इतका उधळला, की रस्त्यावर घोटाभर थर! वरून शिंतोडे आले, झाला त्याचा पिवळाधम्मक चिखल. मागं साहेब बसलेत, उतार हाय, अन् म्या साठच्या वेगात."

"यात्रेत साठ?"

"साहेबांना दर्शनाची घाई. मधी बोलू नको. बघतो तर समोर बांगड्यांची पाटी घेऊन म्हातारी. तिच्यामागं बारा मेंढरं. त्यामागं वाघ्या-मुरळी, नाचायलेत!"

हर्षालीचा चहा निवून गेला. "मग?"

"मग काय! दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा ऱ्हायलो. चारी चाकं जाम, एक बी फिरंना! जीप निघाली घसरत. म्या एका बोटानं स्टेअरिंग डावीकडं घेतलं, म्हातारी वाचली. उजवीकडं घेतलं, मेंढरं वाचली, तेराच्या तेरा."

"बारा होती की."

"एक मेंढी तेवढ्यात व्याली. परत डावीकडं, मुरळीच्या पदराला नुसता वारा लागला. अन् साहेब मागं घोरायलेत!"

टपरीवाला ईरण्णा खो खो हसला. हर्षाली हसली नाही. ओल्या पट्ट्यावर सकाळी उमटलेल्या खुणा तिच्या डोळ्यांपुढं आल्या. टायरची नक्षी कुठंच नव्हती. होते ते नुसते दोन सरळ ओरखडे, फरशीवरून कपाट ओढल्यासारखे. ती ताडकन उठली.

"साफ खोटं, आप्पा! चाकं फिरतच नव्हती, तर जीप वळंल कशी? ब्रेक सोडल्याबिगर तुमची जीप बी माझ्या जीपवाणी सरळच गेली असती, म्हातारीवर!"