थोंगदीची माफी

भाताची लावणी उरकली की गावातले सगळे आपापल्या म्हशींची माफी मागतात. वर्षभर ओरडलो, हाकललं, काठी मारली, त्या भीतीनं म्हशीचा जीव कुठेतरी रानात पळून गेलेला असतो. त्याला साद घालून परत आणायचं, शिंगांना पांढरं सूत बांधायचं आणि आपली चूक मोठ्यानं सांगायची, असा रिवाज. थोंगदीला मात्र दरवर्षी हा प्रसंग म्हणजे मिरवायची संधी वाटे.

"मी कसली माफी मागू?" तो छाती काढून म्हणे. "नांगराला माझं यंत्र आहे. माझ्या म्हशीला, बुआलोयला, मी कधी बोट लावलं नाही. तिला दुखवलं असेल तर डासांनी. त्यांना आणा धरून!"

लोक हसत. त्याची बायको सामली तेवढी हसत नसे. चाळीस वर्षांच्या संसारात 'चुकलं' हा शब्द नवऱ्याच्या तोंडून तिनं ऐकला नव्हता, आणि तो काही डासांमुळे अडला नव्हता.

यंदा पाऊस जरा जास्तच झाला. शेतात भात उभा, त्यामुळे म्हशी दावणीला आणि चाऱ्याला गेल्या साली रचलेली पेंढ्याची गंजी. वरचा पेंढा संपला आणि खालचा, पाणी मुरलेला निघाला. सामलीनं पेंडी हुंगली आणि तोंड फिरवलं.

"म्हातारबा, हा नका घालू तिला. कुबट वास येतोय. पांढरं पण धरलंय."

"वास येतो म्हणून फेकायचं?" थोंगदी खेकसला. "मग तुझी ती मुरवलेल्या माशांची बरणी आधी फेक! तिचा वास तर शेजारच्या गावाला जातो. तरी बोटं चाटून खातेस ना? पेंढाही मुरलाय. मुरलेलं अंगी लागतं."

"मासा मी मीठ घालून मुरवते. तुमच्या पेंढ्याला मीठ कुणी घातलं?"

"लागली शिकवायला! म्हशी मी पाळतो की तू?"

सामली चुलीकडे वळली. शहाण्याला शब्दाचा मार, आणि आपल्या नवऱ्याला तर नांगराचा फाळही पुरायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

थोड्याच दिवसांत बुआलोय खोकू लागली. थोंगदीनं निदान केलं: डास. उंच खांबांवरच्या घराखाली ती बांधलेली असे, तिथे त्यानं रोजच्यापेक्षा दुप्पट धुरी केली, तीही त्याच ओल्या पेंढ्याची. वर झोपलेली सामलीसुद्धा खोकायला लागली. म्हशीच्या नाकातून घट्ट शेंबूड वाहू लागला, अंग तापलं, आणि एका सकाळी तिनं पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाण्यावरून कधी रुसली नव्हती ती. थोंगदी वाटेत चप्पल टाकून जनावरांच्या डॉक्टरणीकडे धावला.

डॉक्टरीण पिकुन त्याच्या भाचीच्या वयाची. तिनं म्हशीच्या छातीला नळी लावली, मग पेंडी उचलून झटकली. हवेत पांढुरका धुरळा उडाला.

"काका, हे खायला घालता?"

"मुरलंय ते," थोंगदी पुटपुटला.

"बुरशी आहे ही. श्वासाबरोबर फुप्फुसात गेली. बुरशीनं दार उघडं केलं, मागून जंतू घुसले. जंतूंना मी सुया देते. बुरशीचं औषध तुमच्या हातात आहे. हा पेंढा लांब नेऊन पुरा, धुरी बंद, म्हैस मोकळ्या हवेत आणि पुढ्यात ताजं गवत."

"वाचेल ना, पोरी?"

"आज नाही सांगता येणार, काका."

थोंगदी त्या उत्तरानं खचला. रोज भर पावसात बांधावरचं गवत कापत राहिला. शेजारी सामलीही विळा चालवत होती. "मी सांगितलं होतं" असं ती एकदाही म्हणाली नाही. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला घास तरी गोड लागला असता. डास हाकलायला तो स्वतः केळीचं पान घेऊन म्हशीशेजारी बसे, आणि डास त्यालाच फोडून खात.

मग एका दुपारी दावं ढिलं राहिलं. बुआलोय उठली, डुलत डुलत डबक्यात शिरली आणि नाकपुड्यांपर्यंत बुडून तिनं असा काही लांब, मोकळा सुस्कारा टाकला की काठावरची बदकं पांगली. खोकला नाही! थोंगदी कपड्यांसकट चिखलात उतरला आणि तिच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला.

माफीच्या दिवशी अंगणात जागा उरली नाही. थोंगदी यंदा काय मिरवतो ते बघायला झाडून सगळे आले होते. केळीच्या पानांचा उंच द्रोण, फुलं, उकडलेलं अंडं, चिकट भात, सगळं मांडलं. हा विधी करणाऱ्या, चारी नावाच्या आजोबांनी जिवाला साद घातली, "ये रे जिवा, रानात राहू नकोस, घरी ये!" आणि थोंगदीकडे वळले. "बोल बाबा. चूक असेल तशी सांग. झाकलीस तर जीव वाटेतूनच माघारी जातो."

थोंगदीनं घसा खाकरला. छाती आज जागेवरच होती.

"बुआलोय, मी तुला सडका पेंढा घातला. वर त्याचाच धूर दिला. तू म्हणालीस वास येतोय. मी तुझ्यावरच खेकसलो."

"म्हैस म्हणाली?" मागून कुणीतरी ओरडलं. अंगणभर हशा पिकला.

थोंगदीचे कान लाल झाले, तरी तो थांबला नाही. म्हशीच्या शिंगांकडे बघत तो बोलत राहिला. "तू म्हणालीस पांढरं धरलंय. मी तुझ्या बरणीला नावं ठेवली. चाळीस वर्षं तुझं ऐकलं नाही. चुकलं माझं."

त्यानं म्हशीच्या दोन्ही शिंगांना सूत बांधलं. एक दोरा उरला होता. तो घेऊन तो सामलीपुढे उभा राहिला आणि चिखलानं फाटलेल्या बोटांनी तिच्या मनगटाला गाठ मारू लागला. गाठ काही बसेना. शेवटी तिनंच दुसऱ्या हातानं टोक धरलं.

"आजोबा," थोंगदीनं मान खाली घालूनच विचारलं, "केलं असेल का तिनं माफ?"

"म्हशीचं म्हशीला विचारा," सामली डोळे पुसत म्हणाली. "मी केलं."