उलटी बाजू

बाळकृष्णकाकांनी स्टीलचा डबा हलवला आणि सावनीसमोर धरला. तिने हसत हसत चिठ्ठी काढली, उलगडली, आणि तिचं हसू तिथेच विरलं.

"अगं, वाच की! कोण आलं तुझ्या वाट्याला?"

"बाबा," सावनी म्हणाली.

दूर उत्तरेतल्या निशातगंजच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये हशा पिकला. सावनीची आई गीता आरतीचं तबक पुसत होती, तिचा हात थांबला. हसणाऱ्यांचं काय जात होतं! त्या बापलेकीत गेले कित्येक दिवस "मीठ सरकव" आणि "पंखा बंद कर" यापलीकडे शब्द नव्हता, हे एकट्या गीताला ठाऊक होतं.

मंडळाची ही जुनी खोड. कधी काळी निवडणुकीवरून अशी काही जुंपली होती की एकाच गल्लीत दोन गणपती बसायची वेळ आली. तेव्हा काकांनी तोडगा काढला. चौथ्या दिवशी वाद घालायचाच, मराठी माणसाला त्याशिवाय प्रसाद पचत नाही, पण आपली बाजू मांडायची नाही, समोरच्याची मांडायची. तीही अशी, की समोरच्याने म्हणावं, मलासुद्धा इतकं नेटकं बोलता आलं नसतं. बोलता बोलता कुणाचं स्वतःचं मत बाहेर डोकावलं, की काका पूजेची घंटी वाजवणार आणि तो गडी बाद. यंदाचा विषय होता, "सरकारने माणसाच्या आयुष्यात किती शिरावं?"

म्हणजे घरातलंच भांडण गणपतीपुढे!

सावनीचं उत्तर सगळ्या घराला पाठ होतं. शिरूच नये. कॉलेजच्या वसतिगृहात पाच वर्षं रोज संध्याकाळी सातला फाटकाला कुलूप पडायचं, फक्त मुलींच्या. का, तर "आपके भले के लिए." तिथेच तिच्या हाती ती इंग्रजी पुस्तकं लागली. माणसाचा देह त्याचा, कष्ट त्याचे, चुकाही त्याच्याच. भल्यासाठी का होईना, पण त्याला विचारल्याशिवाय त्याच्यावर हात ठेवायचा हक्क कुणालाही नाही. कुलूपबंद पोरीला ते पटलं नसतं तरच नवल. तिच्या बापाचं, मधुसूदनचं, म्हणणंही सगळ्या घराला पाठ होतं. सरकारी प्रयोगशाळेत झाडापानांवर काम करत त्याचे केस पांढरे झाले होते. तो पुस्तक चाळायचा, खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "सगळं ठीक आहे. पण ज्याला कुणीच नाही, त्याचं काय?"

हे सगळं नुसतं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं होतं, तोवर गीताला मजाच वाटे. पण मग सावनीला बापाच्याच संस्थेत नोकरी लागली. कायमची, सरकारी. सोमवारी रुजू व्हायचं होतं. आणि ती म्हणाली, नको. मलिहाबादच्या चार बागवाल्यांना घेऊन दशहरी आंबा स्वतः पॅक करायचा, स्वतः विकायचा, मध्ये कुणी नाही. मधुसूदन ओरडला असता तर परवडलं असतं. तो गप्प बसला. लेक हट्टाने गेली तर घर दुभंगणार, आणि बापाकडे बघून नोकरीला चिकटली तर आतल्या आत सुकणार. गीताला एवढंच हवं होतं, की पोरीनं जायचं तर बापाच्या तोंडून "जा" ऐकून जावं.

रात्री तिने नवऱ्याला गाठलं.

"अहो, नाव मागे घ्या. चारचौघांत शोभा कशाला?"

"मी कशाला मागे घेऊ? तिला सांग."

तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "मैं क्यों पीछे हटूँ? बाबा को बोलो."

"एकाच माळेचे मणी," गीता म्हणाली आणि तिने दिवा मालवला.

दुसऱ्या दिवसापासून मधुसूदन लेकीची पुस्तकं पेन्सिल घेऊन वाचायला बसला. अभ्यासाशिवाय तो भाजीसुद्धा आणायला जात नसे. सावनी मात्र काहीच वाचत नव्हती. ती गच्चीवर येरझाऱ्या घालत मराठी वाक्यं पुटपुटायची, कारण वाद मराठीतच घालायचा होता आणि तिचं मराठी दर दोन वाक्यांनी हिंदीत घसरायचं.

चौथ्या दिवशी हॉल गच्च भरला. बापलेक समोरासमोर उभे, मग गर्दीला काय कमी! काका अगदी पुढे, मांडीवर घंटी घेऊन बसले. आधी सावनी उठली. तिने बापाकडे पाहिलंच नाही.

"एक मुलगा होता," ती म्हणाली. "वर्धा जिल्ह्यातला. वडील नव्हते. आई लोकांच्या घरी भांडी घासायची. गावात मोठा शेतकरी होता, दुकानदार होता, देवळाचे ट्रस्टी होते. सगळे स्वतंत्र होते. त्या मुलाला मदत न करायलाही ते पूर्ण स्वतंत्र होते."

गीताने पदर मुठीत धरला. ही गोष्ट मधुसूदनने घराबाहेर कधीच काढली नव्हती. नाव तिने घेतलं नव्हतं, घेणारही नव्हती, तरी त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या गीताला दिसल्या.

"मग तिथे सरकारी शाळा आली. मास्तरांनी त्याला स्कॉलरशिपला बसवलं. वसतिगृह मिळालं, दोन वेळचं जेवण मिळालं. त्याच्या आईला कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. कधीकधी गावातले लोक दया करायचे, नाही असं नाही. पण दया करणाऱ्याचा उद्या मूड बदलू शकतो. हक्काला मूड नसतो. तो मुलगा मोठा झाला, दूर एका शहरात गेला आणि ज्या सरकारने त्याला वाढवलं, त्याच्यासाठी आयुष्यभर काम करत राहिला. लोक त्याला म्हणतात, तू सरकारचा गुलाम. तो गुलाम नाही. तो कृतज्ञ आहे. हा फरक कळायला कधीतरी उपाशी राहावं लागतं."

ती खाली बसली. काकांनी चष्मा काढून उपरण्याने डोळे पुसले. घंटी वाजली नाही.

मधुसूदन कागदांची चळत घेऊन उभा राहिला आणि त्याने चक्क व्याख्येपासून सुरुवात केली. मग त्या व्याख्येतल्या त्रुटी. मग दुसरी व्याख्या. मागे कुणीतरी जांभई दिली. गीताने कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. अरे बाबा, ही परिषद नाही, गणपती आहे!

त्याच्याही ते ध्यानात आलं असावं. त्याने कागद खुर्चीवर ठेवले.

"सातला कुलूप लावतात," तो म्हणाला. "मोकाट फिरतात ते बाहेर, आणि कुलूप पोरींना. का, तर त्यांच्या भल्यासाठी. मलिहाबादचा बागवाला झाड लावतो, पोटच्या पोरासारखं वाढवतो, आणि त्याचा आंबा त्याने कुणाला विकायचा हे तिसराच सांगतो. त्याच्याच भल्यासाठी. एकदा का माणसाला दुसऱ्याचं भलं करायची सवय लागली, की त्याला विचारायचं राहूनच जातं."

आता कुणी जांभई देत नव्हतं.

"आणि दिल्लीचं सरकार सोडा हो. घरातलं सरकार बघा. बापाइतकं भलं चिंतणारं सरकार जगात नाही. बाप मुलीला शिकवतो, स्वतःच्या पायावर उभी राहा म्हणतो. ती राहते. चालायला लागते. मग तोच म्हणतो, थांब, तिकडे नाही, इकडे. अरे, मग शिकवलंस कशाला? ती पडेल, फसेल, कबूल. भीती वाटते. मलाही वाटते. रात्र रात्र झोप लागत नाही. पण भीती माझी आहे, ती मी सांभाळायची. तिची किंमत तिने का मोजायची? माझ्या मुलीने..."

घंटी वाजली.

"मधुसूदन, बाद," काका म्हणाले.

"अहो काका, विषयाला धरूनच तर बोलतायत ते!" मागून कुणीतरी ओरडलं.

"विषयाला धरून आहे. पण समोरच्याची बाजू मांडायची होती. हा स्वतःचं बोलला."

शोधनिबंधातल्या एका स्वल्पविरामासाठी संपादकाशी चार चार पत्रं भांडणारा माणूस तो. आता काकांशी जुंपणार, असं सगळ्यांना वाटलं. मधुसूदनने तोंड उघडलं. त्याने सावनीकडे पाहिलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"बरोबर आहे काकांचं," तो म्हणाला आणि जाऊन बसला.

गीताला हुंदका आला आणि हसूही. आजवर या माणसाला किती शाली मिळाल्या, किती सत्कार झाले, प्रत्येक वेळी ती पहिल्या रांगेत बसली होती. पण आज तो भर सभेत हरला, तेव्हा तिची छाती जेवढी फुलली तेवढी कधीच फुलली नव्हती. हा माझा नवरा, असं उठून सांगावंसं वाटलं तिला.

बक्षिसाचा नारळ सावनीला मिळाला. अंगणात चपलांच्या ढिगापाशी ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, काका को मेरे टाइम भी घंटी बजानी चाहिए थी."

"कुठे?"

"वो... हक्काला मूड नसतो. वो आपका नहीं था. मेरा था."

"माहीत आहे," मधुसूदन म्हणाला. "मी तसं कधी बोललोच नव्हतो."

"फिर आपने टोका क्यों नहीं?"

"काका रडत होते. मध्ये कसं बोलायचं?"

सावनी हसली, मग नारळाची शेंडी उपटत राहिली. "फैसला वही है, बाबा. नौकरी को ना लिख रही हूँ."

तो काही बोलणार, एवढ्यात त्याच्या संस्थेतला जयसिंग प्रसाद खात खात जवळ आला. दर वर्षी आरतीला यायचा बिचारा, मराठी एक अक्षर कळत नसताना दोन तास बसायचा.

"डॉक्टर साहब, बिटिया सोमवार से आ रही हैं न हमारे यहाँ? मिठाई कब खिला रहे हैं?"

गीता दोन पावलं पुढे सरकली.

"नहीं जयसिंग," मधुसूदन म्हणाला, आणि इतक्या मोठ्याने, की फाटकापाशी पोचलेले लोकही वळून बघायला लागले. "मलिहाबाद जा रही हैं. अपना काम करेंगी."

"अरे! और इतनी अच्छी नौकरी?"

"अच्छी है, तभी तो खाली नहीं रहेगी. लिस्ट में इनके बाद जिसका नाम है, उसे मिलेगी. अपने घर का पहला होगा शायद. मिठाई इस बार उसकी माँ बाँटेगी."

सावनीने नारळ आईच्या हातात दिला आणि ती बापाच्या चपला शोधायला खाली वाकली.